वाचकांचे प्रश्न : भावंडांसह मुंबई, कडेवर लहानगी

मे महिन्याच्या सुट्टीत भावंडांनी एकत्र येऊन मुलांना मुंबई दाखवावी, असा बेत सीमाभागातील अनेक घरांत ठरतो आहे, असे या वेळी आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही तीन भावंडे. मी खानापूर तालुक्यात, धाकटा भाऊ बेळगावात आणि थोरली अक्का इचलकरंजीला असते. तिघांची मिळून पाच मुले. धाकटे दोन वर्षांचे, सर्वांत मोठा अकरा वर्षांचा. चार दिवसांत त्यांना मुंबई दाखवायची आहे. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, विज्ञान केंद्र, तारांगण, सिद्धिविनायक, जुहू आणि हँगिंग गार्डन अशी यादी भावाने केली आहे. हे सगळे चार दिवसांत होईल का? केव्हा जावे आणि मुक्काम कोठे करावा? (एक भगिनी, खानापूर)

उत्तर : ही यादी चार दिवसांत होणार नाही, आणि ती पुरी करण्याचा आग्रहही धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तुमच्या प्रवासाचा वेग अकरा वर्षांचा मुलगा ठरवणार नाही, दोन वर्षांचे मूल ठरवणार आहे. त्याची दुपारची झोप, त्याच्या जेवणाची वेळ आणि त्याला कडेवर घेणाऱ्या माणसाची ताकद, या तीन गोष्टी धरून दिवस आखला तरच उरलेली चार मुले काही धड पाहू शकतील. म्हणून दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवावे आणि तेही सकाळी उरकावे. दुपारी एक ते चार मुक्कामी परतावे, आणि संध्याकाळ समुद्रकाठी मोकळी सोडावी.

केव्हा जावे, हा प्रश्न तुमच्या घरात इतरांहून अवघड आहे, कारण राज्याची सीमा तुमच्या भावंडांच्या मधून गेलेली आहे. कर्नाटकातील शाळांना उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी शाळा पुन्हा उघडतात. महाराष्ट्रात परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबतात आणि शाळा जूनच्या मध्यावर भरतात. दसऱ्याला आपल्या मुलांना मोठी सुट्टी असते तेव्हा अक्काच्या मुलांची शाळा चालू असते, आणि त्यांना दिवाळीची लांब सुट्टी लागते तेव्हा आपली मुले वर्गात बसलेली असतात. सगळ्या मुलांना एकाच वेळी मोकळे असे मे महिन्याचे पहिले तीन आठवडेच मिळतात. हवेच्या दृष्टीने डिसेंबर-जानेवारी कितीतरी चांगले, पण तेव्हा दोन्हीकडच्या शाळा चालू असतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि लोकल कधी अडकेल हे सांगता येत नाही, त्यामुळे लहान मुलांसह तो विचार करूच नये.

मेमध्ये जायचे म्हणजे दमट हवेची तयारी हवी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. येथे दिवसा कितीही तापले तरी रात्री अंगावर पांघरूण घेता येते. मुंबईत मे महिन्यात मध्यरात्रीही घाम थांबत नाही, आणि गार रात्रीची सवय असलेली आपली मुले तेथे पहिल्या दिवशी झोपेअभावी किरकिरी होतात. बाकी सगळीकडे काटकसर करा, परंतु मुले झोपतील ती खोली वातानुकूलित घ्या. सुती कपडे प्रत्येकी एक जोड जास्त असू द्या आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी दिवसभर हाताशी ठेवा. ढकलगाडी नेऊ नका. मुंबईतील पदपथ आणि स्थानकांचे जिने तिला सोयीचे नाहीत. धाकट्याला पाठीशी किंवा पोटाशी बांधून घेण्याची झोळी त्याहून उपयोगी पडते.

आठवड्याचा वार निवडतानाही विचार करावा. घारापुरीच्या लेण्या आणि तारांगण सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी बंद असते. रविवारी रेल्वेमार्गांच्या दुरुस्तीसाठी दिवसा अनेक तास मेगाब्लॉक घेतला जातो आणि बागांमध्ये, चौपाटीवर पाऊल ठेवायला जागा नसते. तुमच्या भावाला नोकरीतून रजा मिळत असेल तर मंगळवारी सकाळी पोहोचून शुक्रवारी रात्री निघावे, हे सर्वांत सोयीचे. रजा मिळत नसेल तर गुरुवार ते रविवार जा, पण मग राणीची बाग शुक्रवारीच पाहून घ्या.

बेळगावहून मिरज-पुणे मार्गे दादरपर्यंत थेट गाड्या आहेत. तुम्ही खानापूर किंवा बेळगावला बसावे आणि अक्काने मिरजेला चढावे. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते आणि सुट्टीतील जागा लवकर संपतात, म्हणून मार्चमध्येच तारीख पक्की करावी लागेल. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे तुमची दोन तिकिटे होतील आणि डबेही वेगळे येऊ शकतील. प्रत्येक तिकिटावर किमान दोन मोठी माणसे असतील असे पाहा. पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलाला बर्थशिवाय निम्मे भाडे आणि बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे पडते. रात्रीच्या प्रवासात सहा-सात वर्षांच्या मुलासाठी बर्थचे पैसे वाचवू नयेत. एका बर्थवर आई आणि मूल दोघेही रात्रभर जागे राहतात आणि मुंबईतला पहिला दिवस वाया जातो.

मुक्काम फोर्ट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा गिरगाव या भागात करावा. उपनगरात खोली स्वस्त मिळेल, पण रोज सकाळी गर्दीच्याच दिशेने लोकलने यावे लागेल. दक्षिण मुंबईत राहिल्यास गेटवे, संग्रहालय, हुतात्मा चौक आणि मरीन ड्राइव्ह ही सगळी ठिकाणे चालत किंवा दहा मिनिटांच्या टॅक्सीच्या अंतरावर येतात आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, दुपारी मुलांना झोपवायला परत येता येते. दादरला उतरल्यावर सामानासह लोकलमध्ये चढू नका. टॅक्सी करा, आणि प्रत्येक टॅक्सीत मुक्कामाचा पत्ता व फोन असलेले मोठे माणूस बसवा. खोली दुपारी बारानंतरच मिळणार असेल तर सामान स्थानकातील क्लोक रूममध्ये ठेवता येते, मात्र तेथे कुलूप लावलेलेच सामान घेतात.

आता प्रत्यक्ष ठिकाणांविषयी. पहिल्या दिवशी गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. दोन्ही वास्तू जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाच्या आहेत. दोन्हींच्या कमानी आणि दगडकाम नीट पाहून काय सारखे दिसते ते शोधायला मोठ्या मुलांना सांगावे. राजा पाचवा जॉर्ज १९११ मध्ये आला त्या भेटीची आठवण म्हणून गेटवे बांधण्याचे ठरले, ते पुरे होऊन खुले झाले १९२४ मध्ये, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी भारतातून परतणारी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे तेथे उभे राहून सांगितले तर पाठ करावे लागत नाही. संग्रहालयात मुलांसाठी स्वतंत्र दालनही आहे. तेथे दीड-दोन तासांहून अधिक थांबू नये.

दुसऱ्या दिवशी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र घ्यावे. पाच मुलांसाठी संपूर्ण यादीत याहून योग्य ठिकाण नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातील पुष्कळ उपकरणे हाताने फिरवून, ओढून, दाबून पाहता येतात आणि बाहेरच्या उद्यानात धावायला जागा आहे, त्यामुळे चार वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल दोघेही आपापल्या परीने रमतात. तेथे जायला आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो वापरावी. ऑक्टोबर २०२५ पासून ती पूर्ण मार्गावर धावते आणि या केंद्राजवळ तिचे स्थानक आहे. गार हवा, लिफ्ट आणि बंद होणारे दरवाजे यांमुळे लहान मुलांसाठी लोकलपेक्षा मेट्रो कितीतरी सुरक्षित आहे. तीन फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही. तारांगण मात्र वगळावे. अंधारात दोन वर्षांचे मूल रडू लागले म्हणजे तुम्हालाही काही दिसत नाही आणि शेजारच्यांनाही.

तिसऱ्या दिवशी भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, सकाळी उघडताच गाठावे. १८६२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेतील जुनी झाडे हीच तिची खरी श्रीमंती आहे, पण मुले पेंग्विनसाठी हट्ट धरतील आणि तो पुरवावा. अकरानंतर पेंग्विनच्या दालनाबाहेर रांग वाढते.

घारापुरीविषयी आमचे मत असे, की सगळ्यांनी जाऊ नये. गेटवेहून लाँचने एका बाजूचा प्रवास सुमारे तासाभराचा आहे, धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत, वाटेत माकडे हातातला खाऊ ओढतात आणि मेमधले ऊन डोक्यावर असते. दोन वर्षांच्या मुलाला यातून काहीही मिळणार नाही. परंतु १९८७ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या लेण्यांतील सदाशिवाची भव्य त्रिमुखी मूर्ती मोठ्या मुलांनी पाहावी असे आम्हांला मनापासून वाटते. तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी पहिल्या लाँचने मामाने दोन-तीन मोठ्या मुलांना घेऊन जावे आणि दुपारपर्यंत परतावे. बाकीच्यांनी तोवर निवांत राहावे. भावंडांच्या सहलीचा हाच तर फायदा आहे, की मूल आईबापांखेरीज मामाबरोबर, मावशीबरोबरही दिवस काढू शकते. लाँचमध्ये प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर लाँचला अपघात होऊन माणसे दगावली, हे ध्यानात ठेवावे.

जुहू सोडून द्या. गिरगाव चौपाटीवर तीच वाळू आणि तेच पाणी आहे. हँगिंग गार्डनला गेलात तर समोरच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट मुलांना दाखवा. सिद्धिविनायकाला मंगळवार टाळून दुसऱ्या कोणत्याही दिवशी पहाटे जा.

यादीत नसलेले एक ठिकाण आम्ही सुचवतो. हुतात्मा चौक तुमच्या मुक्कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल. १७ जानेवारी हा दिवस बेळगावात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो, हे तुमच्या मुलांनी पाहिलेले असेल. १९५६ च्या ज्या आंदोलनाशी तो दिवस जोडलेला आहे, त्याच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे हे स्मारक आहे. एका संध्याकाळी मोठ्या मुलांना तेथे न्यावे आणि आपल्या गावातील कोण त्या काळात तुरुंगात गेले, कोणी काय सोसले, हे तुम्हा भावंडांना घरी ऐकून ठाऊक असेल तेवढे त्यांना सांगावे. मुंबईतील इतर कोणत्याही स्थळापेक्षा त्या चौकाशी त्यांचा संबंध जवळचा आहे.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण आपापल्या मुलांसह निपाणीहून मुंबईला जाणार आहोत. आमची आत्ती डोंबिवलीला असते. तिच्याकडे न उतरता लॉजवर राहिलो तर तिला वाईट वाटेल, पण तिचे घर लहान आहे. काय करावे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आत्तीचे मन राखावे आणि मुलांचे हालही टाळावे, असे दोन्ही साधता येते. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आहे. लोकलने एकीकडचा प्रवास तासाहून अधिक होतो, आणि सकाळी आठ ते अकरा व संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत डोंबिवलीला लहान मुलांसह गाडीत चढणे धोक्याचे आहे. रोज ये-जा करायची म्हटली तर मुले मुंबईपेक्षा लोकलच अधिक पाहतील. शिवाय दहा-बारा माणसे उतरली की आत्ती दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर पडणार नाही, आणि तिला ज्या गप्पा हव्या आहेत त्याच राहून जातील.

म्हणून पहिले दिवस शहरात खोली घेऊन राहावे आणि शेवटची दुपार व रात्र आत्तीकडे काढावी. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात आणि कल्याण डोंबिवलीच्या अगदी जवळ आहे. परतीचे आरक्षण करतानाच चढण्याचे स्थानक कल्याण असे नोंदवा, म्हणजे गाडी पकडण्यासाठी पुन्हा मुंबईत जावे लागणार नाही. दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान शहरातून डोंबिवलीकडे निघालात तर सामानासहही बसायला जागा मिळते. आत्तीला फोन करताना "आम्ही लॉजवर राहणार" असे सांगू नये. "शेवटचा पुरा दिवस तुझ्याकडे आहोत, तू कोठेही जाऊ नकोस" असे आधीच सांगावे. जाताना तिच्यासाठी बेळगावचा कुंदा आणि घरची शेंगाचटणी न्यावी. मुंबईत सगळे मिळते, पण माहेरच्या वाटेने आलेल्या वस्तूची बरोबरी त्याला नाही.

निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळे कोल्हापूर गाठून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करावा, हे मुलांच्या दृष्टीने बसपेक्षा बरे. मूल गाडीत आडवे होऊ शकते आणि शौचालयाची अडचण येत नाही. कोल्हापूरपर्यंत एसटीने गेल्यास महाराष्ट्राच्या हद्दीत स्त्रियांना निम्मे भाडे पडते. कर्नाटकातील शक्ती योजनेचा मोफत प्रवास आंतरराज्य बसना लागू नाही, तेव्हा घरातील स्त्रियांनी तो गृहीत धरू नये.

प्रश्न : माझे यजमान आणि त्यांच्या दोघी बहिणी दर दोन-तीन वर्षांनी मुलांसह कोठेतरी जातात. भावंडांच्या गप्पा रंगतात आणि सगळी मुले माझ्याकडे येतात. मागच्या सहलीत मी एकही ठिकाण धड पाहिले नाही. यंदा मुंबईला जायचे ठरते आहे. नाही म्हणावे तर वाईट दिसते. खर्चावरूनही नंतर कुजबुज होते. (एक सून, बेळगाव)

उत्तर : तुमची तक्रार अगदी रास्त आहे आणि ती तुम्ही यजमानांना, प्रवास ठरण्याच्या आतच, शांतपणे सांगावी. भावंडे एकत्र आली की ती पुन्हा लहान होतात, आपल्या जुन्या घरात शिरतात आणि त्या घरात बाहेरून आलेल्या माणसाला दारात उभे राहावे लागते, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. त्यात दुष्टपणा नसतो. पण वहिनीने मुले सांभाळावीत आणि नणंदांनी मुंबई पाहावी, ही व्यवस्था न्यायाची नाही, आणि ती कोणी ठरवलेली नसल्यामुळेच वर्षानुवर्षे चालू राहते.

उपाय असा, की मुले सांभाळण्याच्या पाळ्या निघण्यापूर्वी ठरवाव्यात आणि त्या माणसागणिक ठराव्यात, कुटुंबागणिक नव्हे. सहा मोठी माणसे असतील तर प्रत्येक अर्ध्या दिवसाला दोघांनी सगळ्या मुलांची जबाबदारी घ्यावी: त्यांना खाऊ घालणे, शौचाला नेणे, भांडणे सोडवणे, सगळे. या पाळ्यांत पुरुषही आलेच पाहिजेत. यजमान आणि त्यांचे मेहुणे यांची जोडी एका सकाळी सगळ्या मुलांना विज्ञान केंद्रात घेऊन गेली तर मुलांनाही मौज वाटेल आणि तुम्हां तिघींना संग्रहालय स्वस्थपणे पाहता येईल, किंवा नुसते समुद्राकडे तोंड करून बसता येईल. नणंदांशी तुमचे स्वतःचे नाते जुळायलाही अशी एक सकाळ लागते, जिच्यात यजमानही मध्ये नाहीत आणि मुलेही नाहीत.

भावंडांनाही त्यांचा वेळ हवा, तो त्यांना अवश्य द्यावा. रात्री मुले झोपल्यावर त्यांनी तिघांनी मरीन ड्राइव्हवर फिरून यावे. एका संध्याकाळी मात्र तुम्ही आणि यजमान दोघेच जा आणि मुलांना त्यांच्या आत्तीकडे, म्हणजे तुमच्या नणंदेकडे, ठेवा. आत्ती नाही म्हणणार नाही.

खर्चाची कुजबुज हिशेब उशिरा केल्यामुळे होते. निघतानाच सामाईक पैसे काढावेत आणि ते एकीने सांभाळावेत. खोल्या, टॅक्सी आणि जेवण यांचा खर्च मोठ्या माणसांच्या संख्येने वाटावा. ज्यांना तीन मुले आहेत आणि ज्यांना एक आहे त्यांच्यात मुलांच्या ताटांचा हिशेब करीत बसू नये. खेळणी, फुगे, आइस्क्रीम हे मात्र सामाईक पैशांतून नको. त्यासाठी प्रत्येक मुलाला सारखीच ठरावीक रक्कम पहिल्याच दिवशी हातात द्यावी, म्हणजे एकाला मिळाले आणि दुसऱ्याला नाही असे होत नाही. भावंडांपैकी एखाद्याची परिस्थिती बरी असेल आणि त्याला अधिक खर्च करायचा असेल तर त्याने एखाद्या रात्रीचे जेवण आपल्याकडून द्यावे. प्रत्येक बिलाला हात पुढे केला तर ज्याची परिस्थिती बेताची आहे त्याला अवघडल्यासारखे होते.

जेवणाविषयी एक सांगणे आहे. लहान मुलांचे पोट परगावी बिघडते ते तिखट आणि तळलेल्या पदार्थांनी. माटुंग्याला आणि फोर्टमध्येही उडुपी उपाहारगृहे आहेत, तेथे इडली, साधा डोसा आणि दहीभात मिळतो, आणि आपल्या भागातील मुलांना हे सगळे घरचेच वाटते. दिवसातून एक जेवण तेथे ठेवल्यास पोटाची चिंता बरीच कमी होते. पहिल्या दिवसासाठी कडक भाकरी आणि चटणी घरूनच न्यावी.

प्रश्न : आमची मुले चार, सहा आणि नऊ वर्षांची आहेत. लोकलमध्ये किंवा गर्दीत हात सुटला तर काय, या भीतीने मुंबईला जावेसेच वाटत नाही. (एक पालक, चिकोडी)

उत्तर : भीती योग्य आहे, परंतु तिच्यासाठी बेत मोडू नये, तयारी करावी. सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना आपले पूर्ण नाव, गाव आणि आईवडिलांपैकी एकाचा फोन क्रमांक तोंडपाठ असला पाहिजे. चार वर्षांच्या मुलाच्या खिशात किंवा कपड्याच्या आत शिवून तो क्रमांक ठेवावा. गळ्यात बाहेरून दिसेल असे नाव अडकवू नये, कारण अनोळखी माणूस नावाने हाक मारू लागला की मूल त्याच्यावर विश्वास ठेवते. रोज सकाळी निघताना सगळ्या मुलांचा एक फोटो मोबाइलवर काढावा, म्हणजे त्या दिवशी कोणी कोणते कपडे घातले आहेत हे घाबरलेल्या वेळी आठवत बसावे लागत नाही.

मुलांना एकच नियम शिकवावा: चुकलात तर जेथे आहात तेथेच उभे राहायचे, शोधत फिरायचे नाही, आणि गणवेशातील पोलिसाला किंवा बरोबर मुले असलेल्या एखाद्या बाईला सांगायचे. मुंबईत मराठी चालते, याची मुलांना खात्री द्यावी. आपल्या भागातील मुले परगावी गप्प होतात, कारण तेथे हिंदीतच बोलावे लागेल अशी त्यांची समजूत असते. मोठ्यांच्या मोबाइलमध्ये ११२ हा पोलिसांचा, १०९८ हा बालकांसाठीचा आणि १३९ हा रेल्वेचा क्रमांक असावा.

लोकलचा अनुभव मुलांना अवश्य द्यावा, पण दुपारी आणि धीम्या गाडीने. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेट येथून बसावे. गाडी तेथूनच सुटत असल्यामुळे काही मिनिटे उभी असते आणि मुलांना घाई न करता चढवता येते. फलाट आणि गाडी यांच्यामध्ये फट असते, तेव्हा लहान मुलाला चालत चढू देऊ नका, उचलून घ्या. चढताना एक मोठे माणूस आधी, मग मुले, आणि शेवटी दुसरे मोठे माणूस, हा क्रम उतरतानाही मोडू नये. स्त्रियांच्या डब्यात बारा वर्षांखालील मुलगा आईबरोबर बसू शकतो, परंतु दोन डब्यांत विभागून बसणार असाल तर उतरण्याचे स्थानक दोन्हीकडच्या मोठ्यांना पक्के ठाऊक हवे आणि उतरल्यावर कोठे थांबायचे तेही ठरलेले हवे.

गाडी सुटली आणि कोणी मागे राहिले, तर काय करायचे हेही सर्वांना आधी सांगून ठेवा. जे गाडीत आहेत त्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून त्याच फलाटावर थांबावे. जे मागे राहिले त्यांनी पुढच्या धीम्या गाडीने तेथे यावे. परत उलट दिशेने कोणीही निघू नये. मूल एकटे गाडीत राहिले तर त्यानेही पुढच्या स्थानकावर एखाद्या बाईच्या मदतीने उतरून तेथेच उभे राहावे. जलद गाडी मधली बरीच स्थानके सोडून जाते, म्हणून मुलांसह तिच्यात बसू नये. निघण्याच्या आधी घरीच मुलांकडून हे दोन-तीनदा वदवून घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला ते नीट समजले की तो धाकट्यांना स्वतःच समजावून सांगेल.